हिरो मूर्ख नाही

मंडळी, भावाला जिवंत करायला हिरोने सैतानाला आत्मा दिला, म्हणून आज आपला सिरीयलवाला ग्रुप त्याला मूर्ख ठरवून मोकळा झाला. मीही हसले. सुकापूरच्या घरी जिताडा मासा साफ करत बसलेल्या सासूबाईंना मेसेज वाचून दाखवले.

त्या हसल्या नाहीत. "मूर्ख कशाला? तुजा नवरा ल्हान असताना तापानं फणफणला, तवा मी देवीला बोलले, याला वाचव, मी जन्मात म्हावरा खानार नाय."

मला इतकी वर्षं वाटायचं, त्यांना मासे आवडत नाहीत!

"आता देवीला सांगून नवसातून मोकळ्या व्हा ना," मी म्हटलं.

"नाय. बोलले ते बोलले."

तर माझ्यासमोर त्या हिरोला कुणी मूर्ख म्हणायचं नाही. म्हणायचंच असेल तर आधी सांगा, तुम्ही कुणासाठी काय सोडलंय?