पुलाला पाय न लावता

आमच्या गावाजवळचा जुना रेल्वेपूल राणीच्या राज्यात बांधलेला. काळ्या घडीव दगडांचे खांब, वर लोखंडी गर्डर. दोन्ही अंगांचा भराव आमच्याच शेतांतली माती उपसून घातलेला. त्या खड्ड्यांत म्हशी डुंबत. सत्तरच्या सुमाराला मोठी लाईन दुसरीकडून गेली आणि छोट्या गाडीची ही वाट बंद पडली. रेल्वेने रूळ, स्लीपर उचलून नेले. गावाने गर्डरवर बाभळीच्या फळ्या टाकून पायवाट केली.

मधल्या खांबाचा पाया धरेना म्हणून त्यात एक पहिलटकरीण चिणली, असं सांगत. मला ते कधी खरं वाटलं नाही. साहेब लोक असली कामं चुन्याने करत. पण पहिलटकरणीने त्या पुलाला पाय लावायचा नाही, ही रीत पक्की होती. गाडी होती तोवर अडत नसे. गाडीत बसलं की पाय पुलाला लागत नाही, अशी सोय काढलेली होती.

मला सातवा लागला तेव्हा गाडी नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सांगलीहून थोरला भाऊ न्यायला आला. एस.टी. नदीपल्याड. नदी ओलांडायच्या उतारावर छातीभर पाणी, बैलगाडी बंद. गावात डॉक्टर नाही, नर्स नाही. शेजारची एक बाई आदल्याच वर्षी बाळंतपणात गेलेली. नदी आणखी फुगली तर मी अडकणार होते. सकाळपासून नुसत्या येरझाऱ्या घालत होते.

सासूबाईंना मी आत्या म्हणे. त्या म्हणाल्या, “पाणी उतरंस्तवर थांबायचं. पुलाचं नाव काढायचं न्हाई.”

“आवं आत्या, आभाळ बघा की. कुठलं उतरतंय?”

“मग हितं बाळंत हो. माजी चार हितंच झाली न्हवं?”

त्यांतली दोनच जगली, हे ओठावर आलं होतं. गिळलं.

“गाडीत बसून चालत हुतं, तर सायकलीवर का न्हाई? पाय कुठं टेकतोय?”

त्यांनी दारातून आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “टेकला तर?”

“न्हाई टेकत.”

भावाने मला घरच्या सायकलच्या कॅरिअरवर बसवलं, हँडलला पिशवी अडकवली. आत्या भरावावर पहाऱ्याला उभ्या.

“लय जड झालीस गं,” भाऊ ढकलता ढकलता म्हणाला, “दोन तिकिटं लागतील तुला.”

“दादा, गप ढकल की.”

मधल्या खांबापाशी फळी मोडली. पुढचं चाक गर्डरांमधल्या फटीत बसलं, सायकल कलली. खाली गढूळ पाणी धावत होतं. पाय वर धरून बसले असते तर दोघंही गेलो असतो. मी दोन्ही पाय गर्डरवर टेकवले, भक्कम.

मागून आवाज आला, “टेकला न्हवं?”

“टेकला!”

आता परत बोलावणार, असं मला वाटलं. आत्यांनी पदर खोचला. “मग हुबी का ऱ्हायलीस भवाने? तितंच बाळंत व्हतीस का? चाल म्होरं!”

मी चालले. भाऊ चाक उपटून शिव्या देत मागून आला. एस.टी. मिळाली.

मुलगी झाली सांगलीच्या दवाखान्यात. पायाळू. डॉक्टरीणबाईंनाही घाम फुटला होता.

बारशाला आत्या आल्या. “पुलाला पाय लावलास, म्हनून पायाळू,” त्या म्हणाल्या.

“पूल वलांडला, म्हनून जित्ती हाय.”

त्यांनी पोरीला एकदा निरखलं आणि मला म्हणाल्या, “बसलीस काय? बायकास्नी घुगऱ्या वाढ.”