अर्थिंगच्या खड्ड्यातलं तांदळाचं धुवण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही 'आहे' म्हणायला जीभ रेटत नाही. चितेगावच्या एका कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आयुष्य गेलं. करंट कुठून येतो, कुठं जातो हे शोधणं, हाच माझा धंदा. खाली नावं बदलली आहेत, बाकी घडलं तसं लिहितो.

आपलं संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होतं. बीड बायपासच्या पलीकडं, सातारा परिसरातल्या माळावर नव्या कॉलन्या उठत होत्या. घरं पक्की, पण नळ नाही. लागोपाठ दुष्काळ, बोअर आटलेले, सगळी भिस्त टँकरवर. माझ्या शेजारच्या रो-हाउसमध्ये माझा मित्र सुधीर, त्याची बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि आई. आईला सगळी गल्ली अक्का म्हणायची. बिडकीनकडच्या. जमीन संपादनात गेल्यावर मुलाकडं राहायला आलेल्या.

सुधीर घरी बसून हिशेबाची कामं करायचा. त्याचा कॉम्प्युटर मीच पार्ट आणून जोडून दिला होता. उन्हाळा लागला तसा तो त्रास द्यायला लागला. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या, मधेच रिस्टार्ट. कारण मला लगेच कळलं — अर्थिंग. घरामागं खड्ड्यात मीठ-कोळशात पुरलेली पट्टी, तिला ओल लागते, आणि जमीन तर पार वाळून गेलेली. मी अक्कांना सांगितलं, खड्ड्यात रोज थोडं पाणी टाकत जा.

"माणसाला प्यायला नाय, अन् मशिनीला पाजायचं व्हय रं?" म्हणाल्या.

पण दुसऱ्या दिवसापासून तांदळाचं धुवण नेमानं खड्ड्यात जायला लागलं. वर मला टोमणा — "सून मला च्या इचारंना, पण खड्ड्याला पाजलं का म्हून दोनदा इचारती." सून आतून हसायची.

वैशाखात तेवढ्यानं भागेना. कॉम्प्युटर सारखा बंद पडायचा, सुधीर सारखा हाक मारायचा. एका रविवारी मी वैतागलो आणि त्याच्या सॉकेटमध्ये वायरचा एक तुकडा टाकून न्यूट्रल, म्हणजे करंट परत जायची तार, आणि अर्थ एकत्र जोडून टाकले. आमच्याकडं बरेच वायरमन हा जुगाड करायचे. झिणझिण्या थांबतात, मशीन गुमान चालतं. पण पोलवरची न्यूट्रल तुटली, तर करंट थेट कॅबिनेटच्या पत्र्यावर येतो... बटण बंद असलं तरीही. हे मला पक्कं माहीत होतं. कंपनीत कुणी असं केलं असतं, तर मी त्याला गेटबाहेर काढलं असतं.

सुधीरला म्हणालो, झालं. अक्कांना म्हणालो, आता पाणी टाकू नका, गरज नाही. त्यांना बरं वाटलं. तेवढीच बचत.

पुढच्याच आठवड्यात दुपारी वावटळ उठली. घरभर धूळ. सुधीरनं बाहेर पडताना अक्कांना टेबल पुसून ठेवायला सांगितलं होतं. ओला फडका घेऊन त्या पुसत असताना पोलवरची न्यूट्रल निसटली असणार. सुनेची किंकाळी ऐकून मी धावलो, मेन स्विच पाडला. अक्का टेबलाखाली पडलेल्या. सून रिक्षा आणायला पळाली, आणि तेवढ्यात मी काय केलं? सॉकेट उघडलं. तो वायरचा तुकडा काढून खिशात घातला. मग अक्कांना उचललं.

दवाखान्यात पोचेपर्यंत त्या गेल्या होत्या.

ओला हात, कोरडी अर्थिंग — सगळ्यांनी हेच धरलं. पण त्याआधीच्या आठवड्यातच अक्का सुधीरच्या बहिणीला, वंदनाताईला, म्हणाल्या होत्या, "आता खड्ड्यात पाणी टाकू नको म्हनले." कोण म्हणालं, ते त्या बोलल्या नाहीत. ताईनं धरलं, ते सुधीरच म्हणाला असणार. दशक्रियेला सगळ्यांसमोर ती त्याला म्हणाली, "दोन तांबे पाण्यासाठी आईला मारलंस." मी तिथंच होतो, पंगतीला पत्रावळी मांडत. त्यानंतर तिनं त्या घराचा उंबरा ओलांडला नाही. राखी नाही, दिवाळी नाही.

सुधीर मला म्हणाला, तो कॉम्प्युटर घेऊन जा, डोळ्यासमोर नको. मी आणला.

माझ्याकडं तो चालूच होईना. पंखा फिरायचा, स्क्रीन काळी. रॅम काढून खोडरबरनं घासली, सेल बदलला, पॉवर सप्लाय बदलला, शेवटी मदरबोर्डसुद्धा. दुकानात नेला की चालायचा, घरी आणला की मुका. म्हटलं, असेल काहीतरी. नाद सोडला.

मग एका सुट्टीच्या दुपारी बायको माहेरी गेलेली, मी आडवा झालेलो... आणि आतल्या खोलीतून बीप आला. मशीन ठीक असल्यावर येतो तो, एकच, छोटा. जाऊन बघतो तर स्क्रीन लागलेली. बटण मी दाबलेलं नव्हतं. कॅबिनेटला उलटा हात लावून बघितला — झिणझिणी नाही. का कोण जाणे, मी मागचं दार उघडलं. आमचा अर्थिंगचा खड्डा ओला होता. पांढुरकं पाणी मुरत होतं आणि मातीवर तांदळाचे चार-दोन दाणे.

टँकर आलेला नव्हता. आमच्या घरात त्या दिवशी भात नव्हता. मागच्या कंपाउंडला दारही नाही.

खड्डा वाळला, कॉम्प्युटर परत बंद. पुढं असं कितीदा तरी झालं. खड्डा ओला दिसला की तो चालू होतो. मी स्वतः बादलीभर पाणी ओतून बघितलं, तांदूळ धुऊनही ओतून बघितलं. नाही होत. आणि अर्थिंगचा स्क्रीन लागण्याशी तसा संबंधही नाही, हे कुठलाही इलेक्ट्रिशियन सांगेल. बायको म्हणते, शेजारचं कुणी टाकत असेल. मी हो म्हणतो.

तो कॉम्प्युटर मी मोडीत काढला नाही. काढवला नाही.

परवा सुधीर मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. केस पार पांढरे झालेत त्याचे. वंदनाताईनं पत्रिका दारातूनच परत केली म्हणाला. आत्याशिवाय लग्न नको म्हणून पोरगी रडतेय. आम्ही मागच्या दारात उभे होतो. त्याची नजर खड्ड्याकडं गेली. खड्डा ओला होता.

"पाणी कोण टाकतं रे?"

"मीच," मी म्हणालो.

तो म्हणाला, "मी अक्काला कधी नको म्हणालो नव्हतो. निदान तुझा तरी विश्वास आहे ना?"

मी मान हलवली. तेवढंच केलं.

पाणी कोण टाकतं, ते मला आजही माहीत नाही. इथं कुणाला यातलं काही कळत असेल, तर ते काय सांगतील याचीही मला भीतीच वाटते. माझ्याकडं एवढंच राहिलंय — लग्नाच्या आधी वंदनाताईच्या दारात सुधीरला घेऊन उभं राहायचं, आणि दोघांसमोर सांगायचं की पाणी टाकू नका असं मी म्हणालो होतो, आणि ती तार जोडणारा हात माझा होता. हे मी त्या दोघांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.