माती वाळेपर्यंत भूमिती

वेळापत्रक करण्यात माझा हात धरील असा विद्यार्थी त्या काळी सबंध कोल्हापूर संस्थानात नव्हता. गावोगावची पोरं शिकली पाहिजेत असा महाराजांचा ध्यास होता. त्या लाटेत मीही शहरात आलो आणि मंगळवार पेठेत मामांकडे राहू लागलो. मॅट्रिकच्या वर्षी मी जे वेळापत्रक केलं, ते आज पोट सुटल्यावरही डोळ्यांपुढे तसंच आहे. अर्ध्या दाराएवढा कागद. विषय तांबड्या शाईत, तास काळ्या शाईत, चारी बाजूंनी वेलबुट्टी, आणि वरच्या कोपऱ्यात पुस्तक वाचणारा मोर. एकट्या मोराला दोन दिवस लागले.

कागद भिंतीला लागला तेव्हा सकाळचे सव्वासात झाले होते. सात ते नऊ भूमिती. आता सव्वासाताला सातची भूमिती कशी सुरू करणार? एवढ्या देखण्या वेळापत्रकाचा तो अपमान झाला असता. म्हटलं, नऊचा इतिहास तेवढा वेळेवर धरू. नऊला मामी म्हणाली, "जेवून घे, शाळा हाय." इतिहासही गेला. मग दिवसच बिघडला म्हणून मी तो दिवस सोडून दिला. असे बरेच दिवस सोडून दिले.

आमच्या शाळेचा नियम असा, की चाचणी परीक्षा जो पास होईल त्याच्याच मॅट्रिकच्या अर्जावर हेडमास्तर सही करीत. चाचणी आठ दिवसांवर आली आणि भूमितीचे बत्तीस सिद्धांत अजून कोरे होते. सही अडली तर गावी येऊन म्हशी राखायच्या, असा वडिलांचा स्वच्छ निरोप होता. म्हशींविषयी माझं मत वाईट नव्हतं, पण त्यांचं माझ्याविषयी होतं.

मामांच्या घरासमोर तालीम होती. पुस्तक काखेत मारून मी रोज 'जरा' तिच्या उंबऱ्यावर बसायचो. कुस्ती रंगली की जराचे दोन तास व्हायचे. तालमीचे वस्ताद साठीचे मुसलमान गृहस्थ. फुटलेले कान, मेंदीनं रंगवलेली दाढी. नमाजाच्या वेळा सोडल्या तर सगळा दिवस मातीत. एका सकाळी ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"काय पावणं, पुस्तक उबवायला घेतलंय व्हय काखंत? पिल्लं कवा निघायची?"

"आठ दिसांवर चाचणी हाय वस्ताद, आन बत्तीस सिद्धांत बाकी. सलग चार तास घावलं की बसतो बघा."

वस्ताद पठ्ठ्यांकडे वळले. "आयकलं का रं? ह्येला सलग चार तास पायजेत. तुमच्यातलं कोन सलग चार तास जोर मारतंय?"

"मरंल की मानूस," एक पैलवान म्हणाला. हा गडी दारातून आडवा होऊन आत यायचा आणि दुसरीतूनच शाळेला रामराम करून आला होता.

"मग आमी काय करतो?" वस्ताद मला म्हणाले. "लढायचं, दमायचं, अंगावरची माती वाळस्तवर बसायचं, परत उठायचं. तू बी तसंच कर. ह्यो लढून बसला की तुझ्या पुस्तकातला एक डाव त्येला सांगायचा. माती वाळली की बंद. म्होरं एक अक्षर न्हाय."

"आन वाळायच्या आत जमला न्हाय तर?"

"मग तू मातीत."

सकाळी दोन वेळा, संध्याकाळी दोन वेळा. आठ दिवसांत बत्तीस. हिशेब वस्तादांनी बोटांवर केला, मोराशिवाय.

पैलवान घामानं निथळत समोर येऊन बसला. मी काडीनं मातीत त्रिकोण काढला आणि ऐटीत सांगितलं, की तिन्ही कोन मिळून दोन काटकोन होतात.

"का?"

"पुस्तकात हाय."

"पुस्तकात हाय म्हनून मी कुनाम्होरं पडत न्हाय. का, ते सांग."

का, ते मला ठाऊक नव्हतं. मी पानं उलटू लागलो. तोवर त्याच्या खांद्यावरची लाल माती फिकी पडली, मग छातीवरची, मग पोटावरची. असं घड्याळ मी जन्मात पाहिलं नव्हतं. ते बघता बघता वाळत होतं आणि माझ्याकडे डोळे वटारत होतं. शेवटी त्यानं दंडावरून हात फिरवला, पापुद्रे झडले, आणि पुढच्याच क्षणी मी आखाड्यात उताणा पडून कोल्हापूरचं आभाळ निवांत पाहत होतो.

संध्याकाळी मी शाळेतून घरी पळत येताना दुसरा सिद्धांत पाठ केला. तिसरा भाकरीच्या घासांबरोबर. मामी म्हणाली, "पोराला याड लागलं." वेळ इतका सापडू लागला, की पूर्वी तो कुठे दडून बसत होता याचंच नवल वाटे. चौथ्या दिवशी एक त्रिकोण दुसऱ्यावर ठेवला की तंतोतंत बसतो हे मी दाखवलं, तेव्हा पैलवान खूश झाला. "म्हंजी खालचा चितपट. सरळ सांग की." सिद्धांत संपला तेव्हा त्याची पाठ अजून ओली होती.

भूमितीची चाचणी हेडमास्तर स्वतः घेत, फळ्यापुढे उभं करून. माझं नाव पुकारलं गेलं. मी खडू उचलला, आणि काय झालं ते कळायच्या आत माझ्या मांडीवर असा शड्डू वाजला, की पुढच्या बाकावरच्याची दौत लवंडली. आठ दिवस ज्या जागी शिकलो, तिथं त्याशिवाय कुणी पाऊल टाकत नसे. माझ्या हाताला ते कोण समजावणार?

हेडमास्तरांनी चष्मा काढला. "हे काय होतं?"

"सुरुवात, सर."

"मग पुढे चला."

मी चाललो. ते दर ओळीला "का?" विचारत होते आणि मी दर ओळीला का ते सांगत होतो, एका दमात, कुणीतरी वाळत असल्यासारखा. तीन सिद्धांत झाले.

"पास," हेडमास्तर म्हणाले. "अर्जावरची सही उद्या घेऊन जा."

मी जागचा हललो नाही.

"काय झालं?"

"आत्ताच द्या, सर. उद्याचं माझं काही खरं नसतं."

वर्ग खो खो हसला. हेडमास्तर हसले नाहीत, पण त्यांनी टाक हातात घेतला.