प्रल्हादरावांचे बावन्न रंग

प्रल्हाद नागपुरे यांच्याशी माझं पहिलं भांडण माशांवरून झालं आणि ते आम्हाला चांगली साडेतीन वर्षं पुरलं. आम्ही दोघं ओहायोतल्या डब्लिनला एकाच रस्त्यावर राहायचो. ते माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना अहो-जाहो करायचो आणि ते मला हक्कानं मूर्ख म्हणायचे.

भांडणाचा विषय साधा होता. आमच्याकडच्या तलावांत क्रॅपी नावाचा मासा मिळतो. हाताच्या पंजापेक्षा थोडा मोठा, रुपेरी, अंगावर काळे ठिपके. एप्रिल-मेमध्ये तो काठाजवळ येतो. त्याला पकडायला जिग लागतो. जिग म्हणजे शिशाचा मणी, त्यातून निघालेला बारीक गळ आणि गळावर बांधलेला पिसांचा झुपका. माझ्याकडे जिगचा रंग एकच होता, पांढरा. प्रल्हादरावांकडे बावन्न होते.

बरं, हे बावन्न रंग दुकानातून आणलेले नाहीत. सगळे घरी बांधलेले. लाकडी डब्यात बावन्न कप्पे आणि प्रत्येक कप्प्यावर चिकटवलेली चिठ्ठी. चिठ्ठ्यांवर नावं साड्यांच्या रंगांची. चिंतामणी, आमसुली, गुलबक्षी, अबोली, मोरपंखी, डाळिंबी, श्रीखंडी, लिंबू. अमेरिकन माणूस ज्याला नुसतं ‘पिंक’ म्हणून मोकळा होतो, त्याचे यांच्याकडे पाच कप्पे.

याला कारण होतं. प्रल्हादराव येवल्याचे. वडील पैठणीचं रेशीम रंगवायचे. मुलगा मुंबईला जाऊन रंगांचं शास्त्र शिकला आणि एकोणसत्तर साली कोलंबसमधल्या एका रंगाच्या कारखान्यात लागला. काम एकच. गिऱ्हाईक एक तुकडा आणून देणार, कधी फरशीचा, कधी गाडीच्या दाराचा, आणि म्हणणार, हुबेहूब असा रंग हवा. प्रल्हादराव तो तुकडा दिव्याखाली धरणार, डोळे बारीक करणार आणि सांगणार, यात थोडा काळा, थोडा निळा आणि किंचित लाल. कारखान्यात त्यांना स्वतंत्र खोली होती आणि त्या खोलीचा त्यांना फार अभिमान होता. आमच्या घरी जेवायला आले की आधी भिंतीकडे बघायचे. “उल्हास, हा बेज नाही. हा आजारी माणूस आहे.” माझी बायको रेखा यामुळे त्यांच्यावर वर्षभर रागावून होती.

तलावावर तर विचारूच नका. सकाळी सहाला मी पांढरा जिग पाण्यात टाकून बसायचो. ते आधी पाणी बघणार, मग आकाश, मग डबा उघडून विचार करणार. ढग आला की रंग बदल. ढग गेला की पुन्हा बदल. प्रत्येक मासा वहीत लिहायचा: तारीख, पाणी गढूळ की स्वच्छ, रंग कुठला. शेवटी दोघांच्या बादलीत मासे साधारण सारखेच. पण मी हे बोललो की ते वही उघडून मला आकडे दाखवायचे. गळ आणि किडे विकणारी दुकानदारीण एकदा म्हणाली होती, क्रॅपीसाठी दोनच जिग लागतात, एक दोरीला आणि एक झाडात अडकलेला. मला ती बाई तेव्हापासून आवडते. प्रल्हादरावांची मुलगी मिनी तर सरळ म्हणायची, “डॅड, दे आर फिश. दे डोन्ट वेअर सारीज.”

श्याऐंशीच्या मार्चमध्ये कारखान्यात यंत्र आलं. तुकडा त्याच्यापुढे धरायचा आणि कॉम्प्युटर रंगाचं प्रमाण छापून देणार. साहेबांनी ठरवलं, जूनच्या दुसऱ्या शुक्रवारी वीस तुकड्यांची परीक्षा घ्यायची. एकीकडे यंत्र, एकीकडे प्रल्हादराव. यंत्र सरस ठरलं तर खोली त्याला मिळणार आणि प्रल्हादराव गोदामातल्या टेबलावर जाणार.

“घाबरलात का?” मी विचारलं.

“मी? अरे, बापाच्या मांडीवर बसून रेशीम ओळखलंय मी. आण म्हणावं तुझा कॉम्प्युटर.”

एवढं म्हणून ते दाढी करायला गेले आणि गालावर कापून घेऊन बाहेर आले. घाबरले होतेच.

त्यात एप्रिलच्या मध्याला कांचनवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, भाचीच्या लग्नासाठी सहा आठवडे पुण्याला गेल्या. मासेमारीचा ऐन हंगाम, घरात अडवणारं कोणी नाही, त्यामुळे आम्ही दर शनिवारी-रविवारी तलावावर. मेच्या मध्याला एका सकाळी माझा जिग पाण्यातल्या बुंध्यात अडकला आणि तुटला. माझ्याकडे दुसरा नव्हता.

“एक पांढरा द्या हो,” मी म्हणालो.

त्यांनी डबा उघडला, ‘पांढरा’ लिहिलेल्या कप्प्यातून एक जिग उचलला, प्रेमानं फुंकर मारून पिसं सारखी केली आणि माझ्या हातावर ठेवला. तो पिवळा होता. फिका, पण चक्क लिंबाचा पिवळा.

मला वाटलं, थट्टा करतायत. मी हसलो. ते हसले नाहीत, ते चिंतामणी शोधत होते. त्यांनी निळ्या चिंतामणीच्या कप्प्यातून जिग काढून दोरीला बांधला. तो काळा होता. मी मान वाकवून डब्यात पाहिलं. निळे, काळे आणि गडद हिरवे एकमेकांत मिसळलेले. पांढऱ्यात पिवळे, लिंबूत पांढरे. आमसुली आणि तपकिरी यांचा तर पार काला झालेला. ज्या माणसानं माझ्या भिंतीला आजारी म्हटलं होतं, त्या माणसाचा हा डबा. परीक्षेला चार आठवडे होते.

एरवी मी लगेच भांडलो असतो. त्या दिवशी मी तो पिवळा जिग बांधला आणि त्यावर चार मासे पकडले. प्रल्हादरावांनी वहीत नोंद केली: उल्हास, पांढरा, चार.

वहिनी मेच्या शेवटी परत आल्या. प्रल्हादराव कामावर असताना मी त्यांना भेटायला गेलो. मनात वाक्यं जुळवत होतो. पण मी आत गेलो तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो डबा उघडा होता आणि वहिनी एकेक जिग उचलून दुसऱ्या कप्प्यात ठेवत होत्या. गहू निवडावेत तशा सवयीनं.

“बसा भावजी. चहा टाकते. फार पसारा केलाय यांनी सहा आठवड्यांत.”

मला उभ्या उभ्याच कळलं.

“किती दिवस चाललंय हे, वहिनी?”

“दोन वर्षं. दर रविवारी दुपारी हे झोपले की लावून ठेवते. मोजेही मीच काढून देते. एकदा एका पायात निळा आणि एका पायात काळा घालून गेले होते.”

“आणि कारखान्यात?”

“दोन तुकडे शेजारी शेजारी धरतात ना. दोन्ही सारखेच धुरकट दिसले तर जमून जातं. पण निळे रंग दोनदा गिऱ्हाइकाकडून परत आले. हे म्हणाले, दिवे खराब आहेत.”

मग डॉक्टरकडे न जाण्याचं कारण त्यांनी सांगितलं. प्रल्हादरावांच्या वडिलांना मोतीबिंदू झाला होता. त्या काळातलं ऑपरेशन बिघडलं. पुढची दहा वर्षं ते दुकानाच्या कोपऱ्यात बसून असायचे, आणि लोक गंमत म्हणून रेशमाची लड त्यांच्या हातात देऊन रंग विचारायचे. प्रल्हादराव तेव्हा चौदा वर्षांचे होते. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की ते जेवणावरून उठायचे.

मला वहिनींचा राग आला, आणि तो मी बोलून दाखवला. “अहो, ते येवलं होतं आणि साल कुठलं होतं! इथे सकाळी ऑपरेशन करून दुपारी घरी पाठवतात. दोन वर्षं तुम्ही नुसतं डबे लावत बसलात?”

वहिनींचे डोळे भरून आले. “मला धीर होत नाही, भावजी. तुम्ही भांडता त्यांच्याशी. तुमचं ते ऐकतात.”

भांडण्याचा असा उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

शनिवारी तलावाच्या धक्क्यावर मी माझा पांढरा रुमाल कठड्यावर पसरला. त्या दिवशीचा पिवळा जिग मी जपून ठेवला होता, तो वर ठेवला.

“प्रल्हादराव, याचा रंग काय?”

“पांढरा. रुमालासारखा. आता तू मला पांढरा शिकवणार?”

आमच्या शेजारी एक आजीबाई खुर्ची टाकून मासे धरत होत्या. मी त्यांना विचारलं, मॅडम, हा जिग कुठल्या रंगाचा? त्यांनी मान वळवून एकदा पाहिलं. “यलो, हनी,” म्हणाल्या आणि परत आपल्या दोरीकडे वळल्या.

प्रल्हादरावांनी रुमाल उचलला, उन्हात धरला, मग सावलीत धरला. एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा मिटून. मी मोतीबिंदूचं, डॉक्टरचं, ऑपरेशनचं सगळं भराभर बोलून टाकलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि गाडीत जाऊन बसले. घरापर्यंत आम्ही पंचवीसच्या वेगानं आलो आणि मागचे लोक हॉर्न वाजवत होते. उतरताना ते एवढंच म्हणाले, “पुढच्या शनिवारी येऊ नकोस.”

बारा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी रोज संध्याकाळी त्यांच्या घरावरून उगीच फेरी मारायचो आणि रेखा म्हणायची, कर अजून शहाणपणा. मला खरंच वाईट वाटत होतं. भांडायला माणूस नसला की संध्याकाळ फार लांबते.

बाराव्या दिवशी वहिनींचा फोन आला. प्रल्हादराव स्वतः साहेबांकडे गेले होते. डोळ्यांचं ऑपरेशन करायचं आहे, परीक्षा ऑगस्टमध्ये घ्या, असं म्हणाले होते. साहेबांनी ऐकलं. आधी उजवा डोळा झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि वहिनींनी मला बोलावून घेतलं.

ते स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले होते. हातानं एक डोळा झाकायचे, मग दुसरा झाकायचे. डाव्यानं पिवळं, उजव्यानं पांढरं. फ्रिज पांढरा, बशा पांढऱ्या, मीठ पांढरं. इतके दिवस काळा समजलेला आपला सूट निळा निघाला, असं ते म्हणाले. मिनी म्हणाली, “डॅड, आय ऑल्वेज न्यू इट वॉज ब्लू.” मग वहिनी चहा घेऊन आल्या आणि प्रल्हादरावांचा हात डोळ्यावरच राहिला. वहिनींनी चिंतामणी रंगाची साडी नेसली होती. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला प्रल्हादरावांनी स्वतः निवडून दिलेली.

“ही काळी आहे म्हणालो होतो ना मी? दिवाळीला?”

“म्हणाला होतात.”

“आणि तू बदलून आलीस.”

“चहा घ्या,” वहिनी म्हणाल्या. प्रल्हादराव रडले. डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लागू देऊ नका असं बजावलं होतं, म्हणून वहिनी पदरानं टिपत राहिल्या आणि त्यांना रागावत राहिल्या. मी चहा न घेताच बाहेर पडलो.

जुलैच्या शेवटी डावा डोळाही झाला आणि परीक्षा ऑगस्टअखेर पार पडली. यंत्राचे वीसपैकी एकोणीस, प्रल्हादरावांचे अठरा. पण यंत्राचा जो एक चुकला तो इतका चुकला होता की साहेबसुद्धा हसले. शेवटी ठरलं की पहिलं प्रमाण यंत्रानं काढायचं आणि शेवटची सही प्रल्हादरावांची. खोली त्यांचीच राहिली, त्यात यंत्राला एक कोपरा मिळाला. ते त्याला ‘धाकटा’ म्हणतात आणि तो चुकला की घरी येऊन आनंदानं सांगतात.

सप्टेंबरात आम्ही परत धक्क्यावर बसलो. पाणी उतरलं होतं, झाडं रंग बदलायला लागली होती. त्यांनी वही काढून माझ्यापुढे धरली.

“हे बघ. पंच्याऐंशीचा हंगाम, तुझी वहिनी डबा लावत होती तेव्हाचा. एकशे अठरा मासे. आणि हा यंदाचा, ती पुण्याला होती, सगळे रंग भलत्याच कप्प्यात. एकशे एकवीस.”

“तीन जास्त.”

“तीन जास्त,” त्यांनी मान्य केलं. “स्वच्छ पाण्यात पांढरा चालतो असं मी लिहिलंय, तो पिवळा होता. ढगाळ हवेत चिंतामणी, तो काळा होता. माशांनी एकदाही तक्रार केली नाही.”

साडेतीन वर्षं मी ज्या क्षणाची वाट पाहत होतो तो आला होता. “मग बोला आता. क्रॅपीला किती रंग लागतात?”

“क्रॅपीला एक पुरतो. तुझं बरोबर आहे.” त्यांनी डबा मांडीवर घेतला आणि झाकण उघडलं. सगळे कप्पे जागच्या जागी होते, या खेपेला त्यांनीच लावलेले. “बावन्न मला लागतात रे.”

मला जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही. मी माझा पांढरा जिग दोरीवरून सोडवला, खिशात टाकला आणि हात पुढे केला.

“द्या एक.”

“कुठला?”

“वहिनींच्या साडीचा.”

प्रल्हादरावांनी डब्यात पाहिलं, गरजेपेक्षा बराच जास्त वेळ पाहिलं, आणि मला चिंतामणी काढून दिला.