एरंडेलाचा बोळा

रूपराव एस.टी. चालवायचे ते हनुवटी वर धरून. वर्धा-तळेगाव गाडीतल्या बाया म्हणायच्या, "किती तोरा हाये या ड्रायव्हरले!" तोरा कसला! दोन्ही पापण्या डोळ्यांवर उतरल्या होत्या आणि मान मागे टाकल्याशिवाय बिचाऱ्यांना रस्ताच दिसत नव्हता. समोरून ट्रक आला की एका बोटाने पापणी उचलायची, दुसऱ्या हाती स्टेअरिंग.

चौऱ्याऐंशी साली डेपोत ड्रायव्हरांच्या डोळ्यांची तपासणी निघाली. त्यात नापास झालं की गाडी हातची गेली. आणि गाडीशिवाय रूपरावांना दुसरं काही येत नव्हतं, शिकायची हौसही नव्हती.

वर्ध्यातल्या एका तरुण डॉक्टराने ऑपरेशन करून पापण्या वर घेतल्या. वरची चीर मात्र त्याने टाके न घालता नव्या औषधी डिंकाने चिकटवली. "टाके काढायला यायची कटकट नाही. पण आठ दिवस डोळ्यांना तेलाचा थेंब लावू नका, डिंक सुटेल."

घरी आल्यावर हनुवटी खाली ठेवूनही रूपरावांना भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. त्यांना हसूच आवरेना.

त्यांच्या बायकोला, देवकाबाईंना, मात्र हे ऑपरेशनच वाटेना. "टाका नाई, दोरा नाई. डिंकानं का मानसाचं कातडं जुळते?"

पाचव्या दिवशी दुपारी रूपराव झोपेत कण्हत होते. पापण्या लाल, फुगलेल्या. देवकाबाईंच्या माहेरी डोळे आले, जळजळले, की एकच उपाय, एरंडेलात भिजवलेला कापसाचा बोळा. नवऱ्याचे हाल त्यांना बघवेनात.

रूपरावांना जाग आली ती गारव्याने. क्षणभर फार बरं वाटलं. मग वास आला. ते ताडकन उठले, बोळे ओढले, तर डिंकाची खपली त्यांच्याबरोबरच निघाली.

"काऊन केलं वं हे?"

"आग होऊन राह्यली होती ना जी तुमच्या डोयात..."

शिव्या तोंडाशी आल्या होत्या. पण समोर ती तेलाचे हात घेऊन उभी होती.

चिरा पिकल्या, पापण्या पुन्हा उतरल्या. "आता सहा महिने काहीच करता येणार नाही," डॉक्टर चिडून म्हणाला. "तेल कोणी लावलं?"

"म्याच लावलं जी," रूपराव म्हणाले. दाराशी उभ्या देवकाबाईंनी ते ऐकलं.

तपासणी सोमवारी होती. त्यानंतर ते डेपोत गाड्या धुऊ लागले.

संध्याकाळी तळेगावची गाडी त्यांच्या घरावरून जायची. हॉर्न ऐकला की रूपराव ओट्यावरून हाक मारत, "उचल वं जरा." देवकाबाई बोट पदराला पुसत, पुन्हा पुसत, कोरडं झाल्याची खात्री करून घेत. मग त्याच बोटाने गाडी दिसेनाशी होईपर्यंत त्यांची पापणी वर धरून ठेवत.