यादीत नसलेलं घर

आई काल सकाळी गेली. खाली सतरंजीवर.
पलंग पाहुण्यांना दिला होता.

नव्वदी पार केलेली बाई. मी किती वेळा सांगितलं, आई, आता बस कर, लोणारमध्ये लॉज आहेत, हॉटेलं आहेत, लोक तिथं राहतील.
"लॉजमंधी त्याइच्याशी बोलन कोन?"
झालं. विषय संपला.

परवा रात्री नाशिकचं एक जोडपं आलं, सरोवर बघायला. त्यांनी नको नको म्हणून हात जोडले. हिने ऐकलं नाही. आता ते बिचारे रडतायत आणि मीच त्यांना चहा करून देतेय.

कालपासून पेपरवाल्यांचे फोन येतायत. "मावशींनी होमस्टेची सुरुवात केली ना?"
अहो, कसला होमस्टे! तिला तो शब्दसुद्धा माहीत नव्हता. भांडणातून सुरू झालं ते सगळं. तेच सांगते.

मी दहा वर्षांची होते. महाराष्ट्र राज्य नवंच होतं. आम्ही बौद्ध झालो त्यालाही फार वर्षं झाली नव्हती.
लोणारच्या अलीकडे दोन मैलांवर आमचं गाव. औरंगाबादच्या एका कॉलेजची मुलं तळ्याचे दगड तपासायला येणार होती. राहायची सोय कुठंच नाही. आमच्या गुरुजींनी डोकं चालवलं. एकेका घरी दोन-दोन पाहुणे. घरात असेल ते खायचं, अंगणात झोपायचं. शाळेत त्यांनी यादी वाचली.

आमच्या वस्तीतलं एकही घर त्यात नव्हतं.

मी घरी येऊन सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.
आई तशीच, पिठाचे हात घेऊन शाळेत.

"गुरुजी, माह्या घराचं नाव काऊन नाही?"
"कौसाबाई, मला काही नाही हो. पण पाहुण्यांना अवघड वाटेल."
"पाहुण्याले इचारलं तुमी?"
गुरुजी माणूस वाईट नव्हते. घाबरट होते. ते नुसतेच हजेरीपट चाळत राहिले.

बाबा म्हणाले, "जाऊ दे वं. आपल्याच खायाचे वांधे हायेत."
पण ती ऐकेल तर ना!

मुलं यायच्या दिवशी आई फाट्यावर हजर. मला हाताला धरून. एसटीतून नऊ मुलगे उतरले, दोन मुली आणि त्यांचे सर. मुली गुरुजींच्या घरी राहणार होत्या. आईने सरळ त्यांची वळकटी उचलली.
"आमी बौद्ध आहो. आमच्या घरचं पानी चालन काय? नसन चालत तं आताच सांगा."

मला वाटलं, जमीन फाटावी.
शैला नावाची मुलगी म्हणाली, "चालेल की!"
दुसरी, मालती, खाली बघत होती. सर म्हणाले, मुलींची हरकत नसेल तर माझी नाही. आई वळकटी घेऊन चालायलाच लागली. त्या काय करतील? आल्या मागोमाग.

मालतीने त्या रात्री पाण्याचा घोटही घेतला नाही. पोट दुखतंय म्हणाली. सकाळीही तेच.
मला इतका राग आला! आईला म्हटलं, हाकल तिला.
"हाकलाले आनली काय मी?"

दुसऱ्या दिवशी सगळे तळ्यात उतरले. आई सोबत, तिच्या मागे मी. तळ्याचं पाणी खारट, प्यायचं गोडं पाणी एका झऱ्याचं. मालतीने त्या झऱ्यातच साबणाने तोंड धुवायला घेतलं.
आई ओरडली. सरांच्या देखत.
"ए पोरी! आमी पेतो हे पानी! सगळ्यायचं पानी आहे हे!"
सरांचं तोंड उतरलं. मालती रडायला लागली. मला वाटलं, संपलं आता, हे लोक परत कधी येणार नाहीत, आणि गाव आम्हालाच बोल लावेल.

वर चढताना ऊन डोक्यावर. अर्ध्या वाटेत मालती मटकन खाली बसली. डोळे पांढरे. आदल्या दिवसापासून पोटात काही नाही, दुसरं काय होणार?
बाकीचे पुढे गेलेले. आई तिच्याजवळ बसली, फडक्यातली भाकर आणि तांब्या पुढे ठेवला.
"खाय. नाही तं तुले खांद्यावर घिऊन चढा लागन मले. मंग तं शिवाशिव झालीच नं!"

मालती तिच्याकडे बघत राहिली. मग हसली. रडत होती तशीच हसली.
आणि अख्खी भाकर खाल्ली. मिरचीच्या ठेच्यासकट.
"माझ्या घरी नका हं सांगू," एवढंच म्हणाली.
"तुह्या घरचा पत्ता कोनाजोळ हाये बापा!"

संध्याकाळी गुरुजी मुलींची चौकशी करायला आले. दारातच उभे. मालती चुलीपुढे बसून भाकरी थापायचा प्रयत्न करत होती. आकार काय होता ते विचारू नका.
तिनेच सतरंजी अंथरली. "बसा ना गुरुजी."
इतकी वर्षं आमच्या गावात, पण आमच्या घरात ते पहिल्यांदा बसले.
आईने पाणी दिलं. त्यांनी तांब्याकडे पाहिलं. मग एका दमात प्याले.
"अजून पायजे?" आई.
"द्या."

पुढच्या वर्षीच्या यादीत आमच्या वस्तीतली चार घरं होती. सगळ्यात शेवटी.
आई परत शाळेत. "शेवटी काऊन?"

अशी बाई होती. साठ वर्षं वैताग दिला मला. माझी गोधडी, माझी खोली, माझी झोप, सगळं कुणाकुणाला देऊन टाकलं. मी भांडले, अबोला धरला, एकदा तर माहेरी येणंच सोडलं होतं.
त्या दिवशी फाट्यावर मी हात सोडवून घेत होते, हे मात्र तिला कधी बोलले नाही. तिला कळलं असणारच. तिने घट्ट धरला होता.

आदरांजली तुम्ही लिहालच. मी एवढंच लिहिते.
आई, जय भीम. चिडले होते गं. पण तुझं बरोबर होतं.