उमीच्या गालावरची औटकी

चौथीत असताना मी उमीला रोज मारायचे.

भांडण नव्हतं. मैत्रीण होती माझी. आज सकाळी तळेगावला ती वारली. फोन आल्यापासून कशात लक्ष लागत नाहीये.

पन्नासच्या दशकातली गोष्ट, आर्वीकडच्या आमच्या लहानशा गावातली.

दुपारी गुरुजी तोंडी हिशेब घ्यायचे. ज्याचं उत्तर आधी बरोबर येईल, त्याने बाकीच्यांना एकेक थोबाडीत द्यायची, अशी पद्धत.
हळू दिली तर कशी द्यायची ते गुरुजी मारणाऱ्याच्याच गालावर दाखवायचे.

खरं सांगते, मला मजा यायची.

पाढे घोकायचे ते गणित आवडायचं म्हणून नाही. आधी मार चुकवायला, मग मारायला मिळावं म्हणून. पावकी, निमकी, औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, सगळं नुसतं पाठ. मधूनच विचारलं की बोंब.

उमी कायम गप्प. शेजारी तिचा मोठा भाऊ नामा, दोनदा नापास होऊन आमच्या वर्गात आलेला. तोही गप्प. दोघांना मीच द्यायचे.

एकदा घरी येताना मी औटकी म्हणत होते. औट तेरावर अडकले.

उमी वाकून पायातला काटा काढत होती. वर न बघताच म्हणाली, "साडेपंचेचाळीस."
मग, "चौदा, एकोणपन्नास. पंधरा, साडेबावन्न."

"तुले येते? मंग वर्गात काऊन नाई सांगत वं?"

"सांगतलं तं दादाले माराव लागन ना मले. मोठा हाय तो. कोनाले सांगू नको."

नाही सांगितलं. मैत्रिणीचा शब्द पाळला, असं पुढे कित्येक वर्षं स्वतःला ऐकवलं.
थापा. तिने तोंड उघडलं असतं तर माझा पहिला नंबर गेला असता.

दुसऱ्या दिवशी तिला नेहमीसारखीच दिली.

दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या दिवसांत, तिचे बाबा शाळेत आले. पोरीला पुढे शिकवू का, विचारायला.

गुरुजी म्हणाले, "हिच्या डोक्यात गणित शिरत नाही. घरीच ठेवा."
मग माझ्याकडे वळले. "काय गं, येतं का हिला काही?"

उमी माझ्याकडे बघत होती. आता सांग, असंच बघत होती. मला कळलं होतं ते.

मी मान हलवली. नाही म्हणून.

नामा शाळेत राहिला. उमी वेचायला जायला लागली.
आणि मी वर्ध्यात गणिताची टीचर झाले. हसा.

दहा-बारा वर्षांपूर्वी एका लग्नात भेटली. कॉलेजात जाणारी नात बरोबर होती. तिला म्हणाली, "हे पाह्य, आमच्या वर्गातली हुशार. मले तं बाई गनित कधी आलंच नाई."

मला वाटलं, टोमणा मारते आहे.
टोमणा नव्हता. तिला ते खरंच वाटत होतं. इतकी वर्षं सगळ्यांनी सांगून सांगून तिचं तिलाच पटलं होतं.

मी तिथेही हसले. पंगतीत जाऊन बसले.

बाळा, तू ही पोस्ट वाचशील. तुझ्या आजीला गणित येत होतं. माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. मला माहीत होतं आणि मी नाही म्हणाले. घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखव.

उमे, हे तुझ्यासमोर बोलायला हवं होतं.

जा बाई, सुखाने जा.